बाहेरचा माणूस

टेबलावर पांढऱ्या प्लास्टिकचा एक डबा होता. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला, तळहातावर मावेल एवढा. बेदाण्याच्या शेडमधले तापमान आणि ओलावा मोजून शेतकऱ्याच्या मोबाइलवर कळवणारे यंत्र त्यात बसायचे होते. तासगाव भागातली दोन मुले त्यासाठी दीड वर्ष खपली होती. प्रिंटरवर काढलेले शंभरएक डबे शेतकऱ्यांनी वापरून पाहिले होते. आता हजारांनी करायचे, तर साचा हवा. साच्याचे कोटेशन साडेचार लाखांचे होते, निम्मी रक्कम आगाऊ. पैसे दुसऱ्या दिवशी भरायचे होते.

समोर बसलेले गृहस्थ भोसरीच्या एका टूलरूममध्ये ३४ वर्षे साचे करून निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबा उचलला, आतल्या भिंतीवरून अंगठ्याचे नख वरून खाली फिरवले आणि विचारले, "ही भिंत सरळ उभी आहे. साच्यातून सुटणार कशी?"

मुले गप्प झाली. प्रिंटर थरावर थर चढवत जातो, त्याला भिंत सरळ असली काय आणि तिरपी असली काय, फरक पडत नाही. साच्यात मात्र गरम प्लास्टिक थंड होताना आकसते आणि आतल्या गाभ्याला घट्ट धरून बसते. भिंतीला एक-दीड अंशाचा उतार दिला नसेल तर डबा बाहेर काढताना ओरखडे उठतात, कधी कोपरे तडकतात. त्यांनी एका जुन्या बिलाच्या मागे पेन्सिलीने उतार काढून दाखवला. स्क्रूच्या खांबांपाशी प्लास्टिक जाड ठेवले तर बाहेरून खड्डा दिसेल, हेही सांगितले. या सगळ्याला चार मिनिटे लागली असतील. मुलांनी रात्री बसून ड्रॉइंग बदलले आणि ऑर्डर आठवडाभराने गेली.

त्यानंतर बरेच दिवस मी एकाच प्रश्नाशी अडून होतो. आमच्या इन्क्युबेशन सेंटरने त्या मुलांना दीड वर्षात काय दिले होते? बसायला जागा, वीज, इंटरनेट, प्रिंटर, पत्रव्यवहारासाठी एक वजनदार पत्ता. हे सगळे गरजेचे होते. पण त्यांचे साडेचार लाख वाचवणारे जे काही होते, ते आमच्या इमारतीत नव्हतेच. ते बसने भोसरीहून आले, चहा घेऊन परत गेले. केंद्राने केलेले खरे काम एवढेच, की योग्य माणूस योग्य दिवशी त्या टेबलापाशी आणला. तोही, खरे सांगायचे तर, योगायोगाने.

हा योगायोग नेमाने घडवून आणता येतो आणि नवउद्योग उभा करणाऱ्या केंद्राचे मुख्य काम तेच आहे, अशी माझी धारणा आहे. पुढची प्रकरणे त्या एका गोष्टीभोवती फिरतात.

'इन्क्युबेटर' हा शब्द या क्षेत्रात आला त्याची हकीकत मोठी बोलकी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावातला शेतीयंत्रांचा मोठा कारखाना बंद पडला आणि गावावर बेकारीची अवकळा आली. ती रिकामी इमारत एका स्थानिक व्यापारी घराण्याने विकत घेतली. सगळी जागा एकदम घेणारा कोणी मिळेना, तेव्हा जोसेफ मॅन्क्युसो यांनी ती तुकड्यातुकड्याने लहान उद्योगांना द्यायला सुरुवात केली. साल १९५९. भाडेकरूंमध्ये कोंबडीची पिल्ले उबवणारा एक व्यवसायही होता. त्याच्यावरून मॅन्क्युसो आपल्या इमारतीला 'इन्क्युबेटर' म्हणू लागले आणि नाव जगभर रुजले. मॅन्क्युसो जागा देऊन थांबले नाहीत. भाडेकरूंना व्यवसायाचा सल्ला देणे, भांडवल कुठून आणायचे ते सांगणे, ओळखी करून देणे, हेही त्यांनी पहिल्यापासून केले. नाव इमारतीला मिळाले, म्हणून जग इमारतीकडे पाहत राहिले.

आपल्याकडे या विचाराची मुळे त्याहून जुनी आहेत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळाची जमीन आणि भांडवलाची मदत देऊ केली. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. दरवर्षी दरमाणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना आणि तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा. पैसा जमला, पण काच ओतायची कशी हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक होते? त्यासाठी जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांना बोलावण्यात आले. ते उत्तर हिंदुस्थानातले, मराठी मुलुखाला परके. त्यांच्या हाताखाली तळेगावात तरुण काचकाम शिकले आणि ते कसब घेऊन ठिकठिकाणच्या कारखान्यांत पांगले.

किर्लोस्करवाडीला जमीन आणि भांडवल देणारा हात मिळाला. तळेगावला जाणता माणूस मिळाला. नव्या उद्योगाला लागणाऱ्या आधाराच्या या दोन बाजू आहेत. गेल्या चाळीसेक वर्षांत आपण पहिली बाजू बरीच भक्कम केली. केंद्र सरकारने विज्ञान-तंत्रज्ञानातील उद्योजकतेसाठी १९८२ मध्ये मंडळ नेमले. मुंबईच्या आयआयटीत 'साइन' हे केंद्र २००४ मध्ये आले. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आधाराने व्हेंचर सेंटर २००७ मध्ये उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये स्टार्टअप इंडियाची घोषणा झाली. अटल इनोव्हेशन मिशनने नव्या केंद्रांना पाच वर्षांत दहा कोटी रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. २०२१ मध्ये ९४५ कोटींची बीज भांडवल योजना आली. गोव्यात वेर्ण्याला आणि फातोर्ड्याला महाविद्यालयांच्या आवारात केंद्रे निघाली. हे सगळे मोलाचे आहे.

दुसरी बाजू मात्र कागदावर दिसत नाही. उपयोगिता प्रमाणपत्रात यंत्राची पावती जोडता येते, फर्निचरचे बिल जोडता येते. पेन्सिलीने काढलेल्या उताराची पावती कोण देणार? जे मोजले जात नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही, आणि तरतूद नसली की ते काम ओळखीपाळखीवर चालते. बहुतेक केंद्रांच्या वेबसाइटवर चाळीस-पन्नास मार्गदर्शकांचे हसरे फोटो असतात. त्यातले गेल्या सहा महिन्यांत किती जण कुठल्या टीमबरोबर बसले, असे विचारले की व्यवस्थापक नजर खाली घालतात. मीही घातली आहे.

इथे शब्दांचा घोळ सोडवायला हवा, कारण तो कामातही घोळ घालतो. आपण सगळ्यांना सरसकट 'मेंटर' म्हणतो. वास्तविक या दोन वेगळ्या भूमिका आहेत. तज्ज्ञ एका प्रश्नासाठी येतो. पेटंटचा मसुदा, जीएसटीची अडचण, साच्याचा उतार, वैद्यकीय उपकरणाच्या परवान्याची वाट. त्याचे काम तासांत मोजता येते आणि शेवटी हातात काहीतरी पडते: कागद, आकडा, ड्रॉइंग, होकार किंवा नकार. मार्गदर्शक माणसासाठी येतो. दोन भागीदारांत धुसफूस चालू आहे, मोठा ग्राहक सुटला आहे, घरचे म्हणतात नोकरी बघ. अशा वेळी महिन्याकाठी तासभर समोर बसून ऐकणारा, आपले ठेचकाळलेले अनुभव मोकळेपणाने सांगणारा माणूस लागतो. तज्ज्ञाकडून उत्तर घ्यायचे असते. मार्गदर्शकाकडून बहुधा चांगला प्रश्न मिळतो. एकाच माणसाकडून दोन्ही कामांची अपेक्षा धरली की दोन्ही बिघडतात.

केंद्रात आठ-दहा माणसांचा कर्मचारीवर्ग असतो आणि त्यांच्या छपराखाली एकीकडे रक्तचाचणीचे किट, दुसरीकडे ड्रोन, तिसरीकडे नाचणीची बिस्किटे. ही सगळी विद्या नोकरीवर ठेवता येत नाही, ठेवूही नये. उदाहरणार्थ पेटंट. शोध जगाला दाखवण्याआधी अर्ज जायला हवा, तात्पुरता अर्ज केल्यावर पूर्ण तपशील बारा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. ही मुदत हुकली की अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. वर्षातून एकदाच लागणारे, पण हुकल्यास सगळे मातीत घालणारे हे ज्ञान आहे. ते बाहेरूनच यावे लागते. सरकारनेही हे ओळखले आणि २०१६ च्या योजनेत मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी पेटंटचे काम करणाऱ्या सहायकांचे शुल्क स्वतः उचलले. वैद्यकीय उपकरणांचे तसेच. २०१७ चे नियम, उपकरणाचा वर्ग, गुणवत्तेची प्रमाणपत्रे हे सगळे डिझाइन करतानाच समजले नाही तर दोन वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. इथे एका जाणत्या माणसाचे सुरुवातीचे तीन तास शेवटच्या तीनशे तासांपेक्षा महाग असतात.

मग हा माणूस शोधायचा कसा? इथे माझी एक मोठी चूक सांगतो. एका आरोग्य क्षेत्रातल्या टीमसाठी मी तीन मार्गदर्शक नेमले. तिघेही नावाजलेले. त्यांनी होकार दिला याचाच मला इतका आनंद झाला, की टीमला नेमके काय हवे आहे ते मी विचारलेच नाही. पहिल्याने सांगितले, मोठ्या रुग्णालयांना विका. दुसऱ्याने सांगितले, सरकारी निविदा भरा. तिसऱ्याने सांगितले, उपकरण सोडा, माहितीचा व्यवसाय करा. तिघे वेगवेगळ्या दिवशी भेटायचे आणि टीम दर पंधरवड्याला दिशा बदलायची. आठ महिन्यांनी त्यांच्याकडचे पैसे संपले. तिघांचेही सल्ले आपापल्या जागी बरोबर होते. चूक जुळवणी करणाऱ्याची, म्हणजे माझी होती.

अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत २००० साली सुरू झालेल्या व्हेंचर मेंटरिंग सर्व्हिसची पद्धत मला त्यानंतर कळली. तिथे एका उद्योगाबरोबर अनेक मार्गदर्शक एकत्र बसतात. तिघांत मतभेद झाले तर ते संस्थापकाच्या समोर, एकाच खोलीत होतात. त्यामुळे त्याला नुसता सल्ला ऐकू येत नाही, सल्ल्यामागचा हिशेबही ऐकू येतो. रुग्णालयांना विका म्हणणारा कशाच्या आधारावर म्हणतो आणि निविदेचा आग्रह धरणारा कुठला धोका विसरतो, हे उघड होते. मग ठरवायचे संस्थापकाने. आम्ही ही रीत उचलली आणि पुन्हा तशी फरफट झाली नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १९९२ पासून तारण नसलेल्या, सामान्य घरांतल्या तरुणांना व्यवसायासाठी मदत करते. कर्जाबरोबर प्रत्येकाला एक मार्गदर्शक मिळतो, ही तिच्या कामाची खूण. गॅरेज काढणारा मुलगा, शिलाईचे युनिट चालवणारी बाई यांनाही जाणत्या सोबत्याची तितकीच गरज असते, हे त्या संस्थेने स्टार्टअप हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या पुष्कळ आधी ओळखले होते.

जुळवणीची रीत सांगायला साधी आहे, पाळायला कडक. बोलावण्याआधी टीमने एक पान लिहायचे: आम्ही कोण, कुठे अडलो, आतापर्यंत काय करून पाहिले आणि या भेटीतून काय हवे. ज्या टीमला हे पान लिहिता येत नाही, तिची अडचण अजून तिलाच कळलेली नसते. अनेकदा ते पान लिहितानाच निम्मा गुंता सुटतो. भेटीनंतर काय ठरले, कोण काय कधीपर्यंत करणार, हे त्याच दिवशी दोघांनाही मेलवर गेले पाहिजे. महिन्याने केंद्राच्या माणसाने फोन करून विचारायचे. आणि एखादी जोडी जमत नसेल, तर कोणालाही ओशाळे न करता ती सोडवायची सोय पहिल्या दिवशीच सांगून ठेवायची.

पैशाचे आणि हक्कांचे बोलणेही आधीच व्हावे. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसापुढे कागद ठेवणे उद्धट वाटते. पण गुप्ततेचे बंधन, तज्ज्ञाच्या सूचनेतून नवा शोध निघाला तर तो कोणाच्या मालकीचा, तज्ज्ञ प्रतिस्पर्धी कंपनीशी बांधलेला आहे का, प्राध्यापक असेल तर त्याच्या संस्थेची परवानगी आहे का, हे लिहून ठेवलेले बरे. कागदामुळे नाते तुटत नाही, कागद नसल्यामुळे तुटलेली मी पाहिली आहेत. मोबदल्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. मार्गदर्शकाचा वेळ हा स्नेहाचा असतो, तो पैशात मोजू नये. तज्ज्ञाने काम करून द्यायचे असेल तर त्याला रास्त फी मिळालीच पाहिजे, मोठा वाटा केंद्राने उचलावा आणि थोडा, परवडेल एवढा, टीमने. खिशातून काही गेले की माणूस तयारी करून येतो. आणि कंपनीचे शेअर मागणाऱ्या सल्लागाराला पहिल्याच भेटीत हो म्हणू नये. पाव-अर्धा टक्कासुद्धा द्यायचा तर तो काम होत जाईल तसा, टप्प्याटप्प्याने द्यावा.

तज्ज्ञांची यादी करताना आपण पदव्या पाहतो, हा आणखी एक दोष. कोल्हापूरच्या फाउंड्रीत भट्टीच्या रंगावरून लोखंडाची तयारी ओळखणारा मिस्त्री, इचलकरंजीत मागाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा जॉबर, सांगलीच्या बाजारात हळकुंड मोडून प्रत ठरवणारा व्यापारी, ही आपल्या मुलुखाची चालतीबोलती प्रयोगशाळा आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांतून निवृत्त झालेले कित्येक जाणकार आपापल्या गावी आहेत. पुण्या-मुंबईबाहेरच्या केंद्रांनी 'आमच्याकडे मेंटर मिळत नाहीत' म्हणण्याआधी पंचक्रोशीत एक चक्कर मारावी. परदेशी स्थायिक झालेला मराठी इंजिनिअर रविवारी रात्री व्हिडिओवर तासभर आनंदाने देतो, तोही घ्यावा. पण भट्टीपाशी उभा राहणारा माणूस त्याच्या जागी चालत नाही. यादीत बायकांची नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, तेही बदलायला हवे. पापड-लोणच्यापासून औषधनिर्मितीपर्यंत उद्योग चालवणाऱ्या बायका आहेत, त्यांना बोलावणे जात नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या वळणाचा आहे. मार्गदर्शकाला आपण मनातल्या मनात गुरूच्या पाटावर बसवतो. गुरूला उलट विचारायचे नाही, अशी शिकवण अंगात मुरलेली. मुले वही काढून बसतात, प्रत्येक वाक्याला 'हो सर' म्हणतात आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारतात, आता काय करायचे? हा 'हो सर' मला सगळ्यात घातक वाटतो. बाहेरच्या माणसाकडे अनुभव असतो, पण तो त्याच्या काळातला, त्याच्या धंद्यातला. या धंद्याची रोजची माहिती संस्थापकाकडेच असते. सल्ला घ्यावा, पारखावा, आणि निर्णय आपल्या नावावर घ्यावा. मार्गदर्शकांनीही हे पथ्य पाळावे. आपले ऐकले नाही म्हणून रुसणारा माणूस कितीही मोठा असला तरी या कामाचा नाही.

बटाव्हियातल्या त्या कोंबड्यांकडे पुन्हा जातो. उबवणी यंत्रात अंडे २१ दिवस असते. नुसती ऊब पुरत नाही, ते दिवसातून अनेकदा फिरवावे लागते, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. हे फिरवणे साधारण अठराव्या दिवसापर्यंत चालते. पुढचे तीन दिवस अंड्याला हात लावायचा नसतो. आमच्या कामात फिरवणारे हात पुष्कळ आहेत, अठरावा दिवस ओळखणारे कमी.

तो दिवस मी एकदा जवळून पाहिला आहे. तासगावची ती मुले दोन वर्षांनी नवा डबा घेऊन आली. भोसरीचे गृहस्थ पुन्हा समोर. डबा उघडून त्यांनी सुचवले, स्क्रूसाठी प्लास्टिकमध्ये पितळी इन्सर्ट बसवा, आटे टिकतील. मी मुलांकडे पाहिले. दोघांतला धाकटा, पूर्वी मान वर न करणारा, म्हणाला, "सर, आमचा डबा आता गंधकाची धुरी देतात त्या खोलीतही बसतो. तिथे पितळ काळे पडते आणि स्क्रू जाम होतो. आम्ही तीन ठिकाणी हंगामभर ठेवून पाहिलंय." त्याने पिशवीतून काळवंडलेला इन्सर्ट काढून टेबलावर ठेवला.

गृहस्थांनी तो उजेडाकडे धरला, नखाने खरवडला, परत ठेवला. म्हणाले, "मग तुमचंच बरोबर. गंधकातलं मला ठाऊक नव्हतं." आणि खिशातून छोटी वही काढून त्यांनी ते लिहून घेतले.